कॅन बसवरील संदेशांचे कालनियोजन

मोटारीतील इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स यांचे नियंत्रक पीळ दिलेल्या तारांच्या एकाच जोडीवर जोडणारे जाळे म्हणजे कंट्रोलर एरिया नेटवर्क, थोडक्यात कॅन. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये त्यावर काम सुरू केले आणि १९८६ मध्ये डेट्रॉइट येथे ते जाहीर केले. तार एक, बोलणारे अनेक; म्हणून आधी कोणी बोलायचे हे ठरवावे लागते. आणि रिअल-टाइम प्रणालीत, म्हणजे ठरलेल्या वेळेतच काम व्हावे लागणाऱ्या प्रणालीत, बरोबर पण उशिरा आलेला संदेश चुकीचाच धरतात.

कॅनवर हा निवाडा करायला कोणी मध्यस्थ नसतो. प्रत्येक संदेशाला ११ बिटांचा (विस्तारित रूपात २९ बिटांचा) ओळखक्रमांक असतो. बस, म्हणजे ही सामाईक तार, मोकळी होताच इच्छुक नियंत्रक आपापला क्रमांक एकेक बिट करून तारेवर ठेवतात. तारेवर ० हा १ ला दाबतो. आपण १ ठेवला आणि तारेवर ० दिसला, की तो नियंत्रक माघार घेतो. सर्वांत लहान क्रमांकाचा संदेश उरतो आणि त्याचा एकही बिट वाया गेलेला नसतो. या रचनेतले खरे सौंदर्य हेच. क्रमांक हाच अग्रक्रम असल्याने इथे वेळापत्रक आखणे म्हणजे क्रमांक वाटणे.

मात्र एकदा सुरू झालेला संदेश मध्येच तोडता येत नाही. ११ बिटांच्या क्रमांकाचा, ८ बाइट माहितीचा संदेश भरीच्या (लागोपाठ सारखे बिट आले की मध्ये घातल्या जाणाऱ्या जादा) बिटांसह जास्तीत जास्त १३५ बिटांचा होतो. सेकंदाला ५ लाख बिट या वेगाने त्याला २७० मायक्रोसेकंद लागतात. तेवढा वेळ सर्वांत तातडीच्या संदेशालाही खोळंबावे लागू शकते.

कोणता संदेश जास्तीत जास्त किती उशिरा पोचेल, याचे गणित १९९४ च्या सुमारास केन टिंडेल, ॲलन बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. सर्व संदेश एकाच क्षणी तयार झाले, तर त्या वेळची पहिली फेरी सर्वांत वाईट, असे त्यात गृहीत होते. ते चुकीचे ठरले. समजा अ, ब, क हे संदेश उतरत्या अग्रक्रमाचे आहेत. प्रत्येकाला १ मिलिसेकंद लागतो. अ दर २.५, तर ब आणि क दर ३.५ मिलिसेकंदांनी येतात. ब आणि क यांची मुदत ३.२५ मिलिसेकंद आहे. तिन्ही ० ला एकदम तयार होतात. क ची पहिली फेरी ३ मिलिसेकंदांत संपते, म्हणजे मुदतीत. पण ती चालू असतानाच, २.५ ला, अ पुन्हा आलेला असतो. तो ३ ते ४ जातो, मग ब ४ ते ५, आणि नेमका ५ ला तिसरा अ हजर होतो. ३.५ ला तयार झालेला क ७ ला पोचतो. लागले ३.५ मिलिसेकंद, मुदत हुकली. क ने पहिल्या फेरीत थोपवलेला अ दुसऱ्या फेरीत त्याच्याच वाटेत आला. रॉबर्ट डेव्हिस, बर्न्स, राइंडर ब्रिल आणि योहान लुकिएन यांनी २००७ मध्ये ही चूक दाखवून गणित दुरुस्त केले. तोवर जुने गणित उद्योगातही रुजले होते, म्हणून ही दुरुस्ती मोलाची.

याच कामातून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली : कमी मुदतीच्या संदेशाला लहान क्रमांक द्यायचा, ही सोपी रीत कॅनवर नेहमीच सर्वोत्तम ठरत नाही. तिथे नील ऑड्सली यांची उलटी पद्धत वापरतात. आधी सर्वांत खालच्या अग्रक्रमावरही मुदत पाळू शकेल असा संदेश शोधायचा, त्याला ती जागा द्यायची आणि मग एकेक पायरी वर चढायचे.