हुकूम सुटला, पण काम झालं का?

थ्रीडी प्रिंटर चालू असताना त्याच्या सरकत्या डोक्याला मध्येच वर आलेला प्लास्टिकचा कडक गोळा लागतो. मोटर क्षणभर अडखळते आणि पुन्हा सुरू होते. तिथून पुढचा प्रत्येक थर दोन-तीन मिलिमीटर बाजूला पडतो. वस्तू मधोमध कापून सरकवल्यासारखी दिसू लागते, तरी प्रिंटर शेवटच्या थरापर्यंत निवांत काम करतो आणि पडद्यावर '१०० टक्के पूर्ण' झळकवतो. त्याला खोटारडा म्हणता येत नाही. त्याने सगळे हुकूम खरोखरच सोडलेले असतात. ते पाळले गेले का, हे बघायची सोयच त्याच्यात नसते.

अशा रचनेला ओपन लूप म्हणतात. या प्रिंटरांत बहुधा स्टेपर मोटर असते. तिच्या एका फेरीचे सहसा २०० टप्पे असतात, म्हणजे एक टप्पा १.८ अंशांचा. साध्या पद्धतीने चालवली तर विजेचा एक ठोका मिळाला की मोटर एक टप्पा फिरते. ४०० ठोके पाठवले म्हणजे दोन फेऱ्या झाल्या, असं कंट्रोलर, म्हणजे मोटरला हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक भाग, गृहीत धरतो. मध्ये पाच-पन्नास टप्पे हुकले तरी त्याचा हिशेब पूर्ण असतो.

आता कागदावर छापणारा इंकजेट प्रिंटर उघडून पाहा. शाईचं डोकं जिथून डावी-उजवीकडे सरकतं, तिथे अनेक मॉडेलांमध्ये एक पातळ, पारदर्शक पट्टी ताणून बसवलेली दिसते. लांबून ती नुसती करडी वाटते, पण तिच्यावर केसासारख्या बारीक उभ्या रेघा असतात, एका इंचात दीडशे किंवा त्याहूनही जास्त. डोक्याच्या मागे एक खाच असते, तिच्या एका बाजूला छोटा दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा सेन्सर. डोकं सरकलं की रेघा प्रकाश अडवतात, सोडतात, पुन्हा अडवतात. ती उघडझाप मोजून डोकं नेमकं कुठे आहे हे कंट्रोलरला कळतं. हवी ती जागा आणि असलेली जागा यांत जेवढा फरक, त्या हिशेबाने मोटरला वीज मिळते. डोकं वाटेत जड झालं, तर फरक वाढतो आणि मोटर आपोआप जास्त जोर लावते. परिणाम मोजून तो पुन्हा निर्णयापर्यंत आणायचा, हाच फीडबॅक. आणि तो आला की झालं क्लोज्ड लूप.

इथवर वाचून ओपन लूप म्हणजे बावळट आणि क्लोज्ड लूप म्हणजे हुशार, असं मत होऊ शकतं. पाठ्यपुस्तकांतला दोन रकान्यांचा ठरावीक तक्ता तर तेच ठसवतो, आणि मला तो तक्ता फारसा आवडत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: हुकूम आणि परिणाम यांच्यामध्ये असं काय घडू शकतं, जे आधी सांगता येणार नाही? थ्रीडी प्रिंटरच्या मोटरवरचा भार बहुतेक वेळ ठाऊक असतो, म्हणून सेन्सरविना त्याचं छान निभावतं. जिथे भार, तापमान किंवा वारा लहरी आहे, तिथे मात्र मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

फीडबॅकने नेमकं काय साधतं, ते टेलिफोनच्या तारांनी दाखवून दिलं. लांबच्या तारेवर आवाज क्षीण होतो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी ॲम्प्लिफायर लागत. पण त्यांतल्या निर्वात नळ्या (व्हॅक्यूम ट्यूब) जुन्या होत, त्यांची वाढवण्याची ताकद बदलत राही आणि प्रत्येक टप्प्यावर आवाज थोडा आणखी बिघडे. २ ऑगस्ट १९२७ रोजी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोन संशोधन संस्थेतला अभियंता हॅरॉल्ड ब्लॅक न्यूयॉर्कजवळची हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीतून कामावर जात होता. तेव्हा सुचलेला उपाय त्याने हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच मांडला. गरजेपेक्षा कितीतरी पट वाढवणारा ॲम्प्लिफायर घ्यायचा आणि त्याच्या आउटपुटचा छोटा हिस्सा उलटा करून इनपुटमध्ये मिसळायचा.

आकडे घालून पाहू. ॲम्प्लिफायर एक लाख पट वाढवतो आणि आउटपुटचा शंभरावा भाग आपण इनपुटमधून वजा करतो. गणित केलं की एकूण वाढ ९९.९ पट निघते. आता ॲम्प्लिफायर म्हातारा झाला, ताकद निम्म्यावर, म्हणजे पन्नास हजारांवर आली. एकूण वाढ ९९.८! आतला भाग निम्मा गारद होऊनही बाहेर हजारात एखाद्या भागाचा फरक पडतो.

पण हा 'शंभरावा भाग' काढणारी जोडणी चुकली, तर निकाल तेवढाच चुकतो. त्या चुकीला लूपकडे औषध नाही. म्हणजे अचूकतेची जबाबदारी मोटरवरून किंवा ॲम्प्लिफायरवरून उचलून मोजणाऱ्याच्या खांद्यावर टाकलेली असते. इंकजेटच्या त्या पट्टीवर शाईचा डाग पडला, तर डोकं भलत्याच जागी आहे असं कंट्रोलर समजतो आणि ते सरळ कडेच्या भिंतीवर नेऊन आदळतो. मोटर धडधाकट असते, कंट्रोलरही.

दुसरं दुखणं याहून खोल आहे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारं साधन, बसवलं. एका उभ्या दांड्याभोवती फिरणारे दोन जड गोळे, बस. इंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात, त्यांना जोडलेली दांडी वाफेची झडप थोडी मिटते आणि वेग उतरतो. वेग फारच उतरला की झडप पुन्हा उघडते. पुढे यंत्रं सफाईदार झाली, सांध्यांमधलं घर्षण घटलं आणि एक विचित्र तक्रार पुढे आली. इंजिन धड एका वेगावर टिकेना. आधी जोरात, मग मंद, पुन्हा जोरात. अभियंते याला 'हंटिंग' म्हणतात. जुन्या यंत्रांतलं घर्षण हे हेलकावे गुपचूप जिरवत होतं.

१८६८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने गव्हर्नरवर निबंध लिहून हा गुंता समीकरणांत बसवला. धक्का बसल्यावर हेलकावे विरत जातील की वाढत जातील, हे यंत्राच्या आकड्यांवरूनच ठरतं, हे त्याने दाखवलं. ओपन लूपमध्ये असलं दुखणं फीडबॅकमुळे उद्भवण्याचा प्रश्नच नाही, कारण तिथे फीडबॅकच नसतो.

या हेलकाव्यांचं मूळ बहुतेकदा उशिरात असतं. गीझर न्हाणीघरापासून लांब असला की हे अंगावर अनुभवता येतं. पाणी थंड वाटतं, आपण नळ गरम बाजूला फिरवतो. काही होत नाही, म्हणून आणखी फिरवतो. मग आधीचं सगळं गरम पाणी एकदम येतं, चटका बसतो आणि आपण घाईने उलटं टोक गाठतो. दर वेळचा निर्णय त्या क्षणाच्या माहितीवर बरोबरच होता. माहितीच शिळी होती.

यावर काय करावं, हे अभियंता निकोलस मिनॉर्स्कीने जहाजाच्या सुकाणवाल्यांकडे पाहून मांडलं. १९२२ च्या त्याच्या निबंधात स्वयंचलित सुकाणूचं गणित आहे. मुरलेला सुकाणवाला जहाजाची नाळ (पुढचं टोक) किती अंश भरकटली एवढंच बघत नाही. ती किती वेगाने वळते आहे हेही बघतो आणि ठरल्या दिशेवर यायच्या आतच सुकाणू उलटा द्यायला लागतो. शिवाय वारा सतत एकाच बाजूने लोटत असेल, तर तेवढी कायमची भरपाई धरून ठेवतो. आत्ताची चूक, ती बदलण्याचा वेग आणि आजवर साचलेली चूक, या तिन्हींवर चालणारा पीआयडी (प्रपोर्शनल-इंटिग्रल-डेरिव्हेटिव्ह) कंट्रोलर आज कारखान्यांत सर्रास दिसतो.

ओपन आणि क्लोज्ड एकाच यंत्रात नांदू शकतात. आधुनिक पेट्रोल इंजिनात एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, आणि हे प्रमाण जुळलं का ते धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. पण त्यातलं झिर्कोनियाचं सिरॅमिक जवळजवळ ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट बोलत नाही. म्हणून थंड इंजिन सुरू होतं तेव्हा गाडीचा कॉम्प्युटर आधीच साठवलेल्या तक्त्यावरून पेट्रोल सोडतो. हे निखळ ओपन लूप. सेन्सर तापला की कॉम्प्युटर क्लोज्ड लूपवर येतो आणि इंधन सतत सूक्ष्म कमी-जास्त करू लागतो. इंजेक्टर थोडा तुंबला असेल आणि दर वेळी चार टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागत असेल, तर ही दुरुस्ती तो लक्षात ठेवतो. अनेक गाड्यांत पुढच्या वेळी इंजिन थंड असताना, सेन्सर अजून गप्प असतानाच, तक्त्यातल्या आकड्यावर हे चार टक्के आधीच चढवलेले असतात.