मागच्या अंगणातले दोन काळे ढीग: बॉयलरची राख आणि ईटीपीचा गाळ

रंगाईचं युनिट बंद पडलं की शेडचे पत्रे, मोटारी, जिगर (कापड रंगवायची यंत्रं) आणि बॉयलर आधी भंगारात जातात. मागच्या कुंपणापाशी दोन काळपट ढीग मात्र तसेच राहतात. पाच-सात पावसाळ्यांनी ते बसके होतात, वर वेडी बाभूळ उगवते. सोलापुरात टॉवेल-चादरीचा धंदा असल्यामुळे असे ढीग नवलाईचे नाहीत. जागा घेणारा डंपरवाल्याला बोलावतो, डंपरवाला दोन्हीला "राख"च म्हणतो आणि ब्रासच्या (शंभर घनफुटांच्या) भावाने कुठल्या तरी प्लॉटच्या भरावाला नेऊन टाकतो. त्यातला एक ढीग खरोखर राख असतो. दुसरा ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतला गाळ असतो, आणि तो भरावाला टाकणं बेकायदा आहे.

राख म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा, लाकूड किंवा भुसा जळून उरलेलं. बोटांत चोळली तर खरखरीत लागते. मधेमधे सच्छिद्र, काचेसारखे चमकणारे खंगर आणि न जळलेल्या कोळशाचे तुकडे सापडतात. गाळ जळून नव्हे, पाण्यातून तयार होतो. रंगाच्या पाण्यात चुना आणि हिराकस किंवा तुरटी टाकली की रंग गुठळ्या होऊन खाली बसतो. तो फिल्टर प्रेसमध्ये दाबतात किंवा वाळवण्याच्या बेडवर पसरतात. सुकल्यावर त्याला तळ्याच्या चिखलासारख्या भेगा पडतात, पापुद्रे सुटतात आणि कडेला मिठाचा पांढरा थर येतो. पापुद्रा मोडला तर आत निळी, मरून किंवा गंजासारखी रेघ दिसते. वरून उन्हाने विटलेला असतो म्हणून ढिगाचा माथा बघून ठरवू नये, हातभर आत खणावं.

जागेवर करण्यासारखी एक सोपी परीक्षा आहे. हातमोजे घालून मूठभर माल पारदर्शक बाटलीत घ्या, तीन भाग पाणी घाला, हलवा आणि अर्धा तास ठेवा. राखेत कोळशाची भुकटी वर तरंगते, रेव लगेच तळाला जाते आणि मधलं पाणी हळूहळू निवळतं. गाळ कापसासारखा फुगतो, बसायला वेळ घेतो, आणि पाणी चहासारखं किंवा निळसर होतं. पण पाणी स्वच्छ राहिलं म्हणून गाळ नाही असं समजू नका. रिॲक्टिव्ह रंग पाण्यात उतरतो, व्हॅट आणि सल्फर रंग उतरत नाहीत. चादरीच्या गडद रंगांचा गाळ ही परीक्षा सहज चुकवतो. पीएचच्या कागदावरही भिस्त ठेवू नये, कारण राख आणि चुन्याचा गाळ दोन्ही अल्कधर्मीच निघतात.

आणखी एक सवय घातक आहे: चुना आहे का बघायला ॲसिड ओतणं. सल्फर ब्लॅक हा काळा रंग सोडियम सल्फाइडबरोबर वापरतात. त्याचा अंश गाळात असेल तर ॲसिड पडताच हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. कुजक्या अंड्याचा तो वास 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100) आसपास नाकाला कळेनासाच होतो, म्हणून वास गेला म्हणजे धोका टळला नव्हे. याच कारणाने ईटीपीच्या जुन्या टाकीत गॅस मोजल्याशिवाय कोणी उतरू नये.

कागदावरचा फरक सरळ आहे. 2016 च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या परिशिष्टात सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ 35.3 क्रमांकावर आहे. घातक नाही असं सिद्ध करायची वाट नियमात आहे, पण ती चाचणीच्या आकड्यांनी, मालकाच्या शब्दाने नाही. त्यासाठी टीसीएलपी चाचणी लागते: 100 ग्रॅम माल 2 लिटर सौम्य ॲसेटिक आम्लात सुमारे 18 तास घुसळतात आणि किती धातू सुटला ते मोजतात. मर्यादा लिटरला मिलिग्रॅममध्ये अशा आहेत: शिसं 5, क्रोमियम 5, कॅडमियम 1. जुन्या युनिटमध्ये क्रोमियम नक्की तपासा, कारण व्हॅट आणि सल्फर रंग पक्के करायला पूर्वी डायक्रोमेट वापरत. नमुना एकाच फावड्याचा नको. किमान पाच जागी वरचा, मधला आणि तळाचा माल घ्या, मिसळून ढीग करा, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवा आणि एक-दोन किलो उरेपर्यंत हेच करा.

राखेला सहसा एवढा फाफटपसारा लागत नाही. खंगर चाळून उरलेली राख वीटभट्टीवाले उचलतात. पण राखही नेहमी राख नसते. काही ठिकाणी गाळाची विल्हेवाट म्हणून तो बॉयलरच्या भट्टीतच टाकलेला असतो. मग त्यातला रंग जळतो, धातू मात्र राखेत राहतात. राखेत गंजाच्या रंगाचे पट्टे दिसले तर तीही टीसीएलपीला पाठवा.

पैशाचा हिशेब इथे चुकतो. समजा गाळाचा ढीग 10 मीटर लांब, 6 रुंद आणि सरासरी 1.2 उंच आहे. ते 72 घनमीटर, म्हणजे साधारण 25 ब्रास झाले. ठेकेदार ब्रासमध्ये बोलतो, घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी सुविधा टनात पैसे घेते, आणि गाळाचं वजन पाण्यावर ठरतं. 70 टक्के पाणी असलेल्या 10 टन गाळात घन माल फक्त 3 टन असतो. तोच 40 टक्क्यांवर सुकवला तर 5 टन भरतो, बिल निम्मं. सोलापूरचं एप्रिलचं ऊन फुकट आहे. प्लास्टिकच्या जाड पडद्यावर वीतभर थर पसरा, कडेने बांध घाला, दर दोन दिवसांनी उलथा. मात्र पूर्ण भुगा होऊ देऊ नका, धूळ उडून मजुरांच्या छातीत जाते.

दुसरी चूक जेसीबीची. चालक एकाच बादलीत दोन्ही ढिगांना हात घालतो, आणि 20 टन गाळ 40 टन राखेत मिसळला की 60 टन घातक कचरा तयार होतो. दोन्हींच्या मध्ये आधी चुन्याची फक्की टाकून रेघ मारा. शंकेचा पट्टा गाळाच्या बाजूला धरा. गाळ जंबो बॅगांत भरा, घातक कचऱ्याचं लेबल लावा. सात प्रतींच्या मॅनिफेस्टशिवाय (घातक कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद) गाडी फाटकाबाहेर जाता कामा नये. बॅगा भरून ठेवल्या तरी साठवणुकीला 90 दिवसांचीच मुदत असते, म्हणून सुविधेशी करार आधी आणि खोदकाम नंतर. सिमेंट भट्टीत जाळू असं कोणी सुचवलं तर लक्षात ठेवा, सोलापूरच्या आसपासचे सिमेंट कारखाने क्लिंकर (सिमेंटचा भाजलेला कच्चा माल) दळणारे आहेत, भाजणारे नाहीत, म्हणजे तिथे भट्टीच नाही.

हे सगळं मृगाच्या आधी उरकावं. उन्हाळ्यात काळी माती खोल भेगाळते. पहिला जोराचा पाऊस गाळातून उतरून त्या भेगांतून थेट मुरमापर्यंत जातो. नंतर माती फुगून भेगा मिटतात आणि वरून काहीच दिसत नाही, बोअरचं पाणी मात्र पिवळसर होऊ लागतं. म्हणून ढीग उचलल्यावर तळाची माती निदान अर्धा फूट खरवडा आणि तीही गाळातच मोजा. मग मुरूम लागेपर्यंत दोन-तीन चर मारून तिथल्या मातीचा आणि जवळच्या बोअरचा नमुना द्या. अहवाल येईपर्यंत चर उघडे ठेवा, आणि पाऊस आलाच तर वर ताडपत्री अंथरा.