तापट घोड्याची पहिली फॉक्स हंट : आजच्या सल्ल्यामागचा अडीचशे वर्षांचा इतिहास

इंग्लंडमध्ये लवकर तापणारा घोडा पहिल्यांदा फॉक्स हंटला, म्हणजे हाउंड या शिकारी कुत्र्यांच्या मागे घोड्यावरून जाऊन चालत आलेल्या खोकडाच्या शिकारीला न्यायचा असला, की तिथले जाणकार साधारण एकच सल्ला देतात. मोसमाच्या आधीच्या सकाळच्या फेऱ्यांपासून सुरुवात करा, घोळक्याच्या मागे राहा, शेपटीला हिरवी फीत बांधा, सोबत एक थंड डोक्याचा जुना घोडा ठेवा आणि तास-दीड तासात घरी फिरा. हा सल्ला एका दिवसात तयार झालेला नाही. यातली जवळजवळ प्रत्येक सूचना हंटच्या इतिहासातल्या एखाद्या बदलामुळे आलेली आहे. ते बदल ठाऊक असले तर घोडा नेमका कुठे आणि का बिथरणार, हे आधीच ओळखता येते.

सुरुवातीची फॉक्स हंट संथ होती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माणसे उजाडताच निघत. रात्रभर भक्ष्य शोधून परतलेल्या खोकडाचा वास हाउंड हुंगत हुंगत बिळाकडे जात आणि पोट भरलेले खोकड जडपणाने पळे. घोड्याला वेग लागत नसे, दम लागे. हे चित्र पालटले ते लेस्टरशायरमध्ये. ह्यूगो मेनेल यांनी १७५३ पासून १८०० पर्यंत क्वॉर्न हंट (क्वॉर्न नावाची शिकारी मंडळी) चालवली. त्यांनी वासाला पक्के आणि पायाला वेगवान असे हाउंड निवडून पैदास केली आणि हंटची वेळ पुढे ढकलली. उशिरा उठवलेल्या खोकडाचे अन्न पचलेले असे, त्यामुळे ते जीव तोडून पळे आणि हाउंडही तसेच मागे लागत.

त्याच काळात पार्लमेंटच्या एन्क्लोजर कायद्यांनी मोकळी सामाईक शेते तुकड्यातुकड्यांनी कुंपणाआड गेली. लेस्टरशायरच्या भारी मातीत नांगराऐवजी गुरे चरू लागली, गवत वाढले आणि शेताशेतांमध्ये हॉथॉर्नची काटेरी कुंपणे व चर आले. गवताळ जमिनीवर वास टिकतो आणि घोड्यालाही पळता येते. मात्र हाउंडांच्या बरोबर राहायचे तर कुंपणावरून उडी मारण्यावाचून गत्यंतर नव्हते. भरधाव घोड्यावरून उड्या मारत हाउंडांना गाठण्याची चाल तिथे रुजवण्याचे श्रेय किन्लेटच्या विल्यम चाइल्ड यांना दिले जाते.

इतका वेग जुन्या जाडजूड घोड्याला झेपणारा नव्हता. म्हणून शिकारी घोड्यात थरोब्रेड रक्त आले : बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन पूर्वेकडच्या घोड्यांपासून निघालेली शर्यतीची वंशावळ. आयर्लंडमध्ये हेच रक्त आयरिश ड्राफ्ट घोडीशी जुळवून हाडापेराने मजबूत आणि तरीही चपळ असा हंटर, म्हणजे हंटचा घोडा, तयार झाला. ‘हा घोडा हंटला वेडा होतो’ अशी तक्रार करणाऱ्याने हे लक्षात घ्यायला हवे. जो घोडा वेगाला, आवाजाला आणि सोबतच्या घोड्यांना चटकन प्रतिसाद देईल, तोच पिढ्यान्‌पिढ्या निवडला गेला. त्याचा तापटपणा म्हणजे खोड नव्हे. आधीपासून निवडून वाढवलेला गुण तो चुकीच्या क्षणी दाखवतो, इतकेच.

दुसरी गोष्ट जमावाची. एकोणिसाव्या शतकात मेल्टन मोब्रे हे गाव हंटची राजधानी झाले. रेल्वेने लांबून माणसे आणि घोडे येऊ लागले आणि एका हंटला शेकड्याने स्वार जमू लागले. मागून येणाऱ्या या स्वारांच्या घोळक्याला ‘फील्ड’ म्हणतात आणि त्यांना आवरणारा तो फील्ड मास्टर. त्याच्या पुढे कुणीही जायचे नाही, हा नियम शेते, गुरे आणि हाउंड वाचवण्यासाठी झाला. नवख्या घोड्याला मात्र तो फार जड जातो. घोडा कळपाचे जनावर. पुढचे चाळीस घोडे उधळत निघाले आणि आपल्याला धरून ठेवले, की मागे राहणे म्हणजे मरण, असे त्याचे रक्त त्याला सांगते.

याचा उपाय हंटनेच शोधला होता. ऑगस्टअखेर पिके निघाली, की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या ‘ओपनिंग मीट’पर्यंत (मीट म्हणजे हंटसाठी जमण्याची ठरलेली जागा आणि वेळ) कबिंग, म्हणजे खोकडाच्या पिल्लांची शिकार चाले, आज त्याला ऑटम हंटिंग म्हणतात. हेतू क्रूरच होता. पिल्ले असलेल्या झाडीला स्वार वेढा घालत, बुटावर चाबूक आपटून बाहेर पडू पाहणारी पिल्ले मागे वळवत आणि आत नवे हाउंड खोकड मारायला शिकत. घोड्याच्या दृष्टीने या सकाळी अगदी वेगळ्या होत्या. माणसे थोडी, ट्वीडचे साधे कोट, हवा गार आणि मुख्य काम एका जागी उभे राहण्याचे. हाउंड समोरून जातात, शिंग वाजते, झाडीत गलका होतो आणि तरी आपण हलत नाही, हा धडा भर मोसमात शिकवता येत नाही. तो इथे मिळे. आजही तापट घोड्याला नोव्हेंबरच्या गर्दीत न नेता सप्टेंबरच्या सकाळी नेतात, ते याचमुळे.

ज्या एका बदलाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही, तो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा : मोटार. पूर्वी हंटर घोडा मोतद्दाराबरोबर सकाळीच निघे आणि आठ-दहा मैल चालत-दुडकत मीटच्या जागी पोहोचे. तोवर पाठ सैल झालेली, पोट मोकळे झालेले आणि सकाळची मस्ती उतरलेली असे. विसाव्या शतकात घोडे वाहून नेणारी गाडी आली. आता तबेल्यातला घोडा गाडीत चढतो, तासभर हिंदकळतो आणि शंभर अनोळखी घोड्यांच्या मध्ये उतरतो. मग तो नाचणार नाही तर काय? म्हणून गाडी मीटपासून मैल-दोन मैल अलीकडे उभी करावी, उतरल्यावर निदान २० मिनिटे चाल आणि दुडकी करावी, आणि मीटवर अगदी शेवटच्या दहा मिनिटांत पोहोचावे. लवकर जाऊन अर्धा तास घोडा धरून ठेवला, की सुरुवात होण्याआधीच त्याच्या मानेवर फेस येतो.

खाण्याचा प्रश्नही जुनाच. १८२० च्या दशकात ‘निम्रॉड’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या चार्ल्स जेम्स अ‍ॅपर्ली यांनी उन्हाळाभर हंटर गवतावर मोकळे सोडण्याच्या प्रथेवर टीका केली. पोटाळ झालेला घोडा मोसमाला तयार होत नाही, त्याला वर्षभर धान्य आणि व्यायाम हवा, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा विचार रुजला आणि हंटरला ओट भरपूर मिळू लागले. आठवड्यातून दोन दिवस मैलोन्‌मैल पळणाऱ्या घोड्याला ते पचे. आज आठवडाभर तबेल्यात उभ्या असलेल्या घोड्याला तीच रसद दिली, तर ती डोक्यात जाते.

त्याहून वाईट म्हणजे स्नायू धरतात. रविवारी विश्रांती, धान्य मात्र पूर्ण आणि सोमवारी कष्ट, यातून कामाच्या घोड्यांना होणाऱ्या या आजाराला ‘मंडे मॉर्निंग डिसीज’ असेच नाव पडले. हंटवर तो असा दिसतो : मागचे पाय अचानक ताठरतात, पावले आखूड पडतात, घाम सुटतो, पुठ्ठ्याचे (मागच्या ढुंगणाच्या भागाचे) स्नायू दगडासारखे लागतात आणि लघवी गडद तपकिरी होते. अशा वेळी घोड्याला चालवत घरी नेऊ नये. जिथे आहे तिथेच उतरावे, कंबरेवर घोंगडी टाकावी आणि पशुवैद्याला बोलवावे. टाळण्याचा मार्ग सोपा आहे : विश्रांतीच्या आदल्या संध्याकाळपासूनच धान्य निम्म्याहून कमी करावे आणि सुका चारा वाढवावा. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला निदान साडेसात किलो कोरडा चारा हवाच. तापट घोड्याला पहिल्या हंटआधी जास्तीचे धान्य देणे ही फार महागात पडणारी चूक आहे.

अंग कमावण्याचा जुना क्रम आजही तसाच चालतो. गवतावरून आणलेल्या घोड्याला पहिले तीन आठवडे नुसती चाल, रोज अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत. मग चढावर दुडकी. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून कँटर, म्हणजे संथ दौड. आठ-दहा आठवड्यांनी हंट. घाई केली, की घोडा दमतो, पण थांबत नाही. दमलेला तापट घोडा उडी चुकतो.

स्वाराच्या बसण्याच्या पद्धतीत मोठे वळण इटलीत आले. फेदेरिको काप्रिल्ली (१८६८ ते १९०७) या घोडदळाच्या अधिकाऱ्याने उडीवर पुढे झुकून घोड्याची पाठ आणि तोंड मोकळे ठेवण्याची पद्धत रुजवली. त्याआधी स्वार उडीवर मागे रेलत आणि तोल जाताच लगामाला लटकत. प्रत्येक कुंपणावर तोंडाला हिसका बसलेला घोडा पुढच्या कुंपणाकडे चवताळून धावे. हे आजही घडते. पहिल्या दिवशी धाकापोटी कडक कडियाळ (तोंडातली लोखंडी पट्टी) घालतात, ते दुखते आणि घोडा मागच्या पायांवर उभा राहतो. कडियाळ बदलायचे असेल तर महिनाभर आधी बदलून घरी सवय करावी. हंटच्या दिवशी त्यापेक्षा मानेभोवतीचा साधा चामडी पट्टा उपयोगी पडतो. घोड्याने अचानक झेप घेतली की हात पट्ट्यात, लगामात नाही.

शेपटीच्या फितींची रीतही गर्दीतूनच आली. लाल फीत म्हणजे लाथ मारणारा, हिरवी म्हणजे नवखा. फीत लावली म्हणून जबाबदारी टळत नाही. लाल फितीवाल्याने सर्वांत मागेच राहायचे. हाउंडाला लाथ बसणे हा हंटवरचा सर्वांत मोठा गुन्हा. म्हणून हाउंड जवळून जाऊ लागले, की घोड्याचे तोंड त्यांच्याकडे वळवायचे आणि पुठ्ठा कुंपणाकडे. हाउंड जोड्यांनी मोजतात, साडेसतरा जोड्या म्हणजे ३५. ते सगळे पायांमधून सळसळत जाताना घोड्याला काय वाटेल, हे आधी घरी दोन-चार कुत्र्यांबरोबर पाहिलेले बरे.

खरी कसोटी ‘गॉन अवे’च्या शिंगाला लागते. हाउंड झाडीतून बाहेर पडतात, शिंगाचे तुटक सूर येतात आणि फील्ड सुटते. त्या क्षणी घोडा खिळवून ठेवू नये. त्याला दुसरी वाटच उरली नाही, की तो उभा तरी राहतो नाहीतर उसळतो. मोठ्या वर्तुळात दुडकवत ठेवावे, पुढचे वीस-तीस घोडे जाऊ द्यावेत आणि जुन्या सोबत्याच्या मागे घोड्याच्या एका लांबीचे अंतर राखून निघावे. फाटकावर कुणी उतरले असेल तर तो परत खोगिरावर बसेपर्यंत सोबत्याने थांबायचे. ही सभ्यता तर आहेच, पण एकट्या राहिलेल्या नवख्या घोड्यावर बसणे जवळजवळ अशक्य असते.

हा खेळ ब्रिटिशांनी भारतातही आणला. इंग्लंडहून जहाजाने हाउंड येत आणि उकाड्याने, आजारांनी मरत. लाल खोकडाची जागा इथे कोल्ह्याने (जॅकल) घेतली. मुंबई, पुणे-खडकी, मद्रास, पेशावर, उटी अशा ठिकाणी हंट चालल्या. ऊन चढले की वास उडतो, म्हणून सारे काम पहाटे चाले. घोडे दोन प्रकारचे : मुंबईच्या बाजारात आखातातून येणारे अरब आणि न्यू साउथ वेल्सवरून नाव पडलेले ऑस्ट्रेलियाचे वेलर. अरब घोडे बहुधा खच्ची न केलेले असत, त्यामुळे गर्दीत शेजाऱ्याला चावण्या-लाथाडण्याचा धोका मोठा. दख्खनच्या कठीण, दगडी जमिनीवर इंग्लंडसारखी सलग दौड पायांना मानवत नसे. पुढे वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यांनंतर भारतात अशा शिकारीला जागा उरली नाही.

ब्रिटनमध्ये स्कॉटलंडने २००२ मध्ये आणि इंग्लंड-वेल्सने २००४ च्या कायद्याने हाउंडांकरवी खोकड मारण्यावर बंदी आणली. दुसरा कायदा १८ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला. त्यानंतर तिथे आधी टाकलेल्या वासामागे जाण्याचे ट्रेल हंटिंग आले. त्याच्या आडून खरी शिकार चालते, या आरोपामुळे २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने त्यावरही बंदीचे आश्वासन दिले.

तापट घोड्याच्या मालकापुढचे पर्याय यामुळे बदलले आहेत. ड्रॅग हंटमध्ये वासाची रेघ आणि उड्या आधीच आखलेल्या असतात. थांबणे कमी, दौड जास्त, म्हणून पहिल्या दिवसासाठी तो सर्वांत वाईट पर्याय. धावणाऱ्या माणसाच्या नैसर्गिक वासामागे ब्लडहाउंड सोडतात, तिथे दौडींच्या मध्ये बरीच विश्रांती मिळते आणि किती अंतर पळायचे हे आधी विचारता येते. पहिल्या दोन दौडींनंतर, घोडा अजून ताजा आणि शांत असतानाच, फील्ड मास्टरला सांगून सोबत्यासह निघावे. फील्ड पुढच्या दौडीला सुटण्याआधी निघणे महत्त्वाचे. सुटल्यानंतर वळवलेला घोडा घरापर्यंत भांडत राहतो.