मॉर्मन मिशनरी सेवेसाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि घरच्यांनी आधीच समजून घ्यायच्या गोष्टी

या अर्जात देश निवडायचा रकाना नसतो. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे लोक ज्याला मॉर्मन चर्च म्हणतात, त्याचा तरुण सभासद मिशनरी सेवेसाठी नाव देतो तेव्हा आपल्याला पेरूला पाठवतील, फिलिपिन्सला की बेंगळुरूलाच, हे त्याला ठाऊक नसतं. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या मुख्यालयात चर्चच्या सर्वोच्च नेत्यांपैकी असलेल्या बारा प्रेषितांमधले एक जण अर्ज पाहून नेमणूक ठरवतात. जगभरात 450 हून अधिक मिशन, म्हणजे सेवेचे प्रादेशिक विभाग, आहेत, त्यातलं कुठलंही वाट्याला येऊ शकतं. म्हणून आईवडिलांच्या मनातले प्रश्न अर्ज पाठवण्याआधीच बोलून घ्यावेत.

पात्रता

मुलांसाठी किमान वय 18 आणि शालेय शिक्षण पूर्ण झालेलं असावं. 2012 पर्यंत मुलांसाठी ही मर्यादा 19 होती. मुलींना त्या वर्षी 21 वरून 19 वर आणलं आणि 2025 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्यासाठीही 18 जाहीर झालं. मुलांची सेवा 24 महिन्यांची, मुलींची 18 महिन्यांची. उमेदवार अविवाहित हवा. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्याला सभासद होऊन किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं. कर्ज असेल तर ते फेडलेलं असावं, नाहीतर सेवेच्या काळात ते कोण भरणार याची पक्की सोय हवी.

आचरणाचे निकष याहून कडक आहेत. दारू, तंबाखू, कॉफी आणि चहाही चालत नाही. विवाहपूर्व संबंध नकोत, उत्पन्नाचा दशांश चर्चला दिलेला असावा. हे सगळं मुलाखतीत स्पष्ट शब्दांत विचारतात. पहिली मुलाखत बिशप, म्हणजे स्थानिक मंडळीचे प्रमुख, घेतात; ब्रँच, म्हणजे लहान मंडळी, असेल तर ब्रँच प्रेसिडेंट. दुसरी स्टेक प्रेसिडेंट (अनेक मंडळ्यांच्या गटाचे, म्हणजे स्टेकचे, प्रमुख) किंवा मिशन प्रेसिडेंट (मिशनचे प्रमुख). दोघांची शिफारस झाल्याशिवाय अर्ज वर जात नाही.

अर्ज आणि कागदपत्रं

अर्ज ऑनलाइन आहे. बिशप किंवा ब्रँच प्रेसिडेंट तो उमेदवारासाठी सुरू करून देतात. त्यात वैयक्तिक माहिती, शिक्षण, येणाऱ्या भाषा, फोटो, खर्चाची तरतूद आणि वैद्यकीय भाग असतो. डॉक्टरांनी तपासून भरलेला अहवाल, दंतवैद्याचा अहवाल आणि लसीकरणाच्या नोंदी जोडाव्या लागतात. दातांची कामं निघालीच तर ती सेवेला जाण्याआधी उरकून घ्या.

वैद्यकीय भाग सगळ्यात मन लावून भरावा असं मला वाटतं. दमा, फिट्स, गुडघ्याची जुनी दुखापत, नैराश्यासाठी घेतलेली औषधं, काहीही लपवू नये. नेमणूक करताना हीच माहिती पाहिली जाते: जिथे औषध मिळेल, डॉक्टर जवळ असेल अशी जागा बघता येते. ‘जाऊ द्यायचे नाहीत’ या भीतीने मुलं गप्प बसतात आणि परक्या देशात, घरापासून दूर, आजार उफाळला की ती आणि त्यांच्यासोबत नेमलेला जोडीदार मिशनरी दोघंही अडचणीत येतात. ज्यांना प्रकृतीमुळे प्रचाराचं काम झेपणार नाही त्यांच्यासाठी घरी राहून करायची सेवा-मिशनची वाट आहे, आणि तिला कमी लेखायचं काहीच कारण नाही.

भारतीय उमेदवाराने पासपोर्ट आधीच काढून ठेवावा. आपल्याकडे मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव लावतात, पण ते दहावीच्या गुणपत्रिकेवर एका पद्धतीने, आधारवर दुसऱ्या आणि जन्मदाखल्यावर तिसऱ्याच पद्धतीने असतं. स्पेलिंग जुळत नसेल तर दुरुस्ती पासपोर्टच्या आधी करून घ्या. नेमणूक झाल्यावर व्हिसाचं काम चर्चचं प्रवास कार्यालय बघतं, पण त्यासाठी मागतील ती कागदपत्रं उमेदवारालाच जमवावी लागतात. काही देशांसाठी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं. त्याचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून करतात. व्हिसा लांबला तर तोवर दुसऱ्या मिशनमध्ये तात्पुरतं पाठवतात.

खर्च

ही पगाराची नोकरी नाही. अमेरिका, कॅनडासारख्या देशांतल्या मिशनरींच्या कुटुंबाला 2020 च्या जुलैपासून दरमहा 500 डॉलर द्यावे लागतात, मूल स्वस्त देशात असो की महागड्या. इतर देशांत रक्कम स्थानिक परिस्थिती पाहून ठरते आणि कमी पडलं तर चर्चच्या मिशनरी निधीतून मदत मिळते. पैसे नाहीत म्हणून मुलाने मागे हटू नये. ब्रँच प्रेसिडेंटशी मोकळेपणाने बोलावं.

पत्र आल्यावर

नेमणुकीचं पत्र ऑनलाइन येतं. त्यात मिशन, भाषा आणि प्रशिक्षण सुरू होण्याची तारीख असते. उमेदवाराने ते स्वीकारल्याचं कळवायचं. निघण्यापूर्वी चर्चच्या मंदिरात (खास विधींसाठीची वेगळी इमारत) जाऊन तिथले विधी घेण्याची अपेक्षा असते. प्रशिक्षण केंद्रं प्रोवो, मनिला, अक्रा, साओ पाउलो अशा शहरांत आहेत. नवी भाषा शिकायची नसेल तर प्रशिक्षण साधारण तीन आठवड्यांत संपतं, शिकायची असेल तर सहा ते नऊ आठवडे लागतात.

तिथला दिवस कसा असतो हे घरच्यांना माहीत हवं. साधारणपणे सकाळी 6:30 ला उठणं आणि रात्री 10:30 ला झोपणं. 2017 पासून मिशनच्या परिस्थितीनुसार वेळा थोड्या पुढेमागे करता येतात. मधल्या वेळेत अभ्यास, भाषा, लोकांच्या घरी जाणं, शिकवणं, समाजसेवा. मिशनरी एकटा कधीच नसतो, जोडीदार सतत सोबत. हा जोडीदार आपण निवडत नाही, आणि साधारण दर सहा आठवड्यांनी होणाऱ्या बदल्यांत तो बदलू शकतो. एकटं राहायची सवय असलेल्या मुलाला परक्या भाषेपेक्षा हेच जड जातं, म्हणून आधी काही दिवस मित्रासोबत किंवा वसतिगृहात राहून पाहावं. प्रेमसंबंध, सिनेमे यांना मनाई असते.

आठवड्यातला एक दिवस कपडे, बाजारहाट आणि पत्रांसाठी राखलेला असतो. पूर्वी घरी फोन फक्त नाताळ आणि मदर्स डेला करता यायचा. 2019 च्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. आईवडिलांनी या सवलतीचा पुरेपूर फायदा घ्यावा आणि मूल खरंच बरं आहे का, हे थेट विचारावं.

शिक्षण मध्येच थांबवून जाणाऱ्यांनी कॉलेजला आधीच विचारून ठेवावं. परतल्यावर महाराष्ट्रात प्रवेश घेताना खंड पडलेल्या वर्षांसाठी गॅप सर्टिफिकेट, म्हणजे प्रतिज्ञापत्र, मागतात. सेवा पूर्ण झाल्याचं चर्चचं प्रमाणपत्र आणि शिक्का मारलेला पासपोर्ट त्यासोबत जपून ठेवा.