फ्राउस्टी

फ्राउस्टी : ब्रिटिश इंग्रजीतील एक विशेषण. दारे-खिडक्या लावून घेतलेल्या, उबदार आणि माणसांच्या वावराने शिळ्या झालेल्या हवेला किंवा तशा खोलीला ते लावतात. वापर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा. आता ब्रिटनमध्येही ते क्वचितच कानावर येते. व्युत्पत्ती अनिश्चित आहे. ‘कळकट, गबाळा’ या अर्थाच्या फ्राउझी या जुन्या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते.

मराठी ‘कोंदट’ जवळचा खरा, पण कोंदट जागेला वास असतोच असे नाही. पावसाळ्यात नीट न वाळलेल्या कपड्यांना येणारा कुबट वासही हा नव्हे. त्यात ओल असते, ऊब नसते. फ्राउस्टी खोलीत कोणीतरी तासन्‌तास बसलेले किंवा लोळलेले असते. बाहेर कडाक्याची थंडी, आत कोळशाचा विस्तव, आणि घाम, लोकर, तंबाखू यांचा एकजीव झालेला वास.

त्यामुळे शब्दात आळसाचा ठपकाही आला. फ्राउस्ट हे नाम अशा उबट हवेसाठी, तर क्रियापद तिच्यात लोळत पडण्यासाठी. इंग्लंडमधील हॅरो या निवासी शाळेतील मुलांच्या बोलीत रविवारी आणि सुटीच्या दिवशी मिळणाऱ्या जादा झोपेला फ्राउस्ट म्हणत. मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगने १९०२ च्या ‘जस्ट सो स्टोरीज’मध्ये, उंटाच्या मदारीच्या गोष्टीला जोडलेल्या कवितेत, हेच क्रियापद वापरले आहे. विस्तवाजवळ पुस्तक घेऊन बसण्यापेक्षा घाम येईतो जमीन खणा, असा तिथला सल्ला. वाचनावर हा जरा अन्यायच.

अशा हवेत जीव का घुसमटतो, हा शास्त्रज्ञांपुढचाही प्रश्न होता. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये खोलीतील कार्बन डायऑक्साइडसाठी ०.१ टक्के ही मर्यादा सुचवली. तो वायू त्या प्रमाणात विषारी म्हणून नव्हे, तर माणसांनी हवा किती खराब केली याची खूण म्हणून. पुढे ब्रेस्लाऊ (आताचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे आरोग्यशास्त्रज्ञ कार्ल फ्ल्यूगे यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना बंद पेटीत बसवून पाहिले. नळीतून बाहेरची ताजी हवा हुंगायला दिली तरी त्यांना बरे वाटेना. उलट पेटीतली हवा बाहेर बसून हुंगणाऱ्यांना काहीच त्रास झाला नाही. पेटीत पंखा लावताच मात्र आतल्यांना हायसे वाटले. १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांनी दोष मुख्यतः उष्णता, दमटपणा आणि साचलेल्या हवेकडे नेला.