पार्श्वभूमी : गाठीतला विषाणू आणि शेजारच्या मुलातला विषाणू

कांजिण्या आणि नागीण ज्या हर्पीस कुळातल्या विषाणूमुळे होतात, त्याच कुळातला एपस्टाईन-बार विषाणू जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो. तो लाळेतून येतो, बी-लसिकापेशींत (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींत) मुक्काम ठोकतो आणि जन्मभर तिथेच राहतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. मग मोजक्याच लोकांना त्याच्यामुळे लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, का होतो? त्यांच्यातला विषाणूच निराळा असतो का?

या प्रश्नाची सुरुवात युगांडात झाली. 1957 मध्ये कंपालाच्या मुलागो रुग्णालयात शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी जबड्याच्या दोन्ही बाजू सुजलेलं एक मूल पाहिलं. तशा गाठी आणखी मुलांत दिसू लागल्यावर 1961 मध्ये ते दोन सहकाऱ्यांसह जुन्या मोटारीतून सुमारे 10 हजार मैल हिंडले आणि पुढे बर्किट लिम्फोमा म्हणून ओळखला गेलेला हा आजार कुठे आढळतो, कुठे नाही, याचा नकाशा केला. उष्ण, दमट, मलेरियाचा पट्टा त्यात ठळक दिसला. त्याच वर्षी लंडनमधलं त्यांचं व्याख्यान संशोधक अँथनी एपस्टाईन यांनी ऐकलं आणि यामागे विषाणू असावा, अशी शंका त्यांच्या मनात आली.

कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने येऊ लागले, पण विषाणू काही सापडेना. डिसेंबर 1963 मध्ये धुक्यामुळे एक विमान मँचेस्टरला वळवावं लागलं. नमुना उशिरा हाती आला, तेव्हा बाटलीतला द्रव गढूळ झाला होता. जंतूंमुळे नासला असेल म्हणून तो फेकून देणं सहज शक्य होतं. एपस्टाईन यांनी थेंबभर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी तरंगत होत्या. त्या वाढवल्या आणि इव्हॉन बार व बर्ट अचोंग यांच्यासोबत 1964 मध्ये त्यांनी विषाणूचं वर्णन प्रसिद्ध केलं. माणसाच्या कर्करोगाशी जोडला गेलेला हा पहिला विषाणू.

त्याचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, 1984 मध्ये केंब्रिजमध्ये वाचला गेला : 1,72,282 अक्षरं. पण तो नमुना लिम्फोमाचा नव्हता. ग्रंथीज्वराच्या (याच विषाणूमुळे येणाऱ्या तापाच्या) एका रुग्णातला विषाणू मार्मोसेट माकडाच्या पेशींत वाढवून केलेला 'बी95-8' हा वाण होता, आणि त्यात सुमारे 12 हजार अक्षरं गळालेली होती. ती भरून काढायला बर्किट लिम्फोमा झालेल्या एका नायजेरियन रुग्णाच्या 'राजी' पेशी कामी आल्या. तोवर याच अपुऱ्या वाणाशी जगभरच्या विषाणूंची तुलना होत राहिली.

माझ्या मते पुढचा बराच गोंधळ इथूनच आला. विषाणूच्या एलएमपी1 या जनुकात 30 अक्षरांची तूट 1991 च्या सुमारास चीनमधल्या नाक-घशाच्या कर्करोगात आणि मग हॉजकिन लिम्फोमात सापडली, तेव्हा घातक विषाणू ओळखायची खूणच मिळाली, असं वाटलं. नंतर त्याच प्रदेशातल्या निरोगी माणसांची तपासणी झाली, तर ती तूट त्यांच्यातही सर्रास होती. फरक होता तो बराचसा प्रदेशाचा. विषाणूच्याच ईबीएनए2 जनुकावरून पडलेले त्याचे दोन प्रकार, टाइप 1 आणि टाइप 2, हेही तसेच : टाइप 2 आफ्रिकेत आणि न्यू गिनीत जास्त, बाकी जगात बहुतांशी टाइप 1. म्हणून गाठीतला विषाणू ताडून पाहायचा तो त्याच गावातल्या निरोगी शेजाऱ्याच्या विषाणूशी.

प्रत्यक्ष गाठीतच घडलेले बदल वेगळे. 2019 मध्ये जपानी संशोधकांना काही लिम्फोमांतल्या विषाणूत मोठे तुकडे गळालेले आढळले, त्यांत बार्ट मायक्रोआरएनएंचा (जनुकांच्या कामावर ताबा ठेवणाऱ्या विषाणूच्या छोट्या आरएनए रेणूंचा) भागही होता. बी95-8 मधली तूट याच भागातली.

शेजाऱ्याशी ताडून पाहण्याचं काम पश्चिम केनियात झालं आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. बर्किट लिम्फोमा झालेल्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांत टाइप 1 होता. त्याच भागातल्या निरोगी मुलांत तो निम्म्याच्या आसपास होता.