सहा गुणांच्या खेळाडूला ३.७ कोटी डॉलर कशासाठी?

२०२१ च्या ऑगस्टमध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या शिकागो बुल्स संघाने अ‍ॅलेक्स कारूसोशी चार वर्षांचा, सुमारे ३.७ कोटी डॉलरचा करार केला. आदल्या हंगामात त्याने सामन्यामागे ६.४ गुण केले होते आणि तो सरासरी २१ मिनिटं खेळला होता, तेही बहुतेकदा बदली खेळाडू म्हणून. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, एकाही संघाने त्याला निवडलं नव्हतं. लॉस एंजेलिस लेकर्सबरोबर त्याला २०२० चं विजेतेपद मिळालं होतं खरं, पण त्या संघात लेब्रॉन जेम्स आणि अँथनी डेव्हिस हे दोन मोठे तारे होते. मग बुल्सनी नेमकं काय विकत घेतलं?

करार संपून ‘फ्री एजंट’ झालेल्या मोठ्या ताऱ्याची किंमत ठरवणं सोपं असतं. नियमात बसेल तेवढा कमाल पगार द्यायचा आणि सही घ्यायची. खरी परीक्षा पूरक खेळाडूच्या वेळी होते. त्या हंगामात प्रत्येक संघाची पगारमर्यादा ११.२४ कोटी डॉलर होती. म्हणजे सरासरीने पाहिलं तर कारूसोवर वर्षाला तिचा बारावा हिस्सा खर्च होणार होता.

अशा खेळाडूसाठी पहिलं माप म्हणजे प्लस-मायनस. तो मैदानावर असताना आपल्या संघाने किती गुण केले आणि किती दिले, यातला फरक. क्रिकेटमध्ये पॉइंटला अडवलेल्या वीस धावा धावफलकावर कुठेच दिसत नाहीत, पण प्रतिस्पर्ध्याच्या धावसंख्येतून त्या वजा झालेल्या असतात. प्लस-मायनसमध्ये असं न दिसणारं काम आपोआप धरलं जातं. पण या मापात एक मोठी खोट आहे. लेब्रॉनच्या शेजारी उभं राहिलं की कुणाचाही आकडा फुगतो.

ही भेसळ वेगळी काढण्याची पद्धत २००४ मध्ये डॅन रोझेनबॉम या अर्थतज्ज्ञाने मांडली. कुणीतरी आत-बाहेर होईपर्यंतचा सामन्याचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक समीकरण. मैदानावरचे दहा खेळाडू ही त्यातली अज्ञात पदं आणि गुणांमधला फरक हे उत्तर. हंगामभरात अशी हजारो समीकरणं जमतात. ती एकत्र सोडवली की प्रत्येकाचा स्वतंत्र वाटा निघायला हवा. प्रत्यक्षात तो धड निघत नाही, कारण काही जोड्या जवळजवळ कायम एकत्रच खेळतात. दोघे सतत एकत्र असतील, तर श्रेय कुणाला द्यायचं हे गणिताला कळत नाही आणि उत्तरं वेडीवाकडी येतात.

यावरचा उपाय बास्केटबॉलच्या बाहेरून आला. रसायन उद्योगातल्या आकडेवारीत असाच गुंता होता. तो सोडवताना आर्थर होर्ल आणि रॉबर्ट केनार्ड यांनी १९७० मध्ये ‘रिज रिग्रेशन’ मांडलं. पुरावा जितका तुटपुंजा, तितकं उत्तर सरासरीकडे ओढायचं, ही त्यातली कल्पना. मला ती फार सुंदर वाटते. यात गणित शंका झाकत नाही, तिला हिशेबात जागा देतं.

आता नेमबाजी बघू. २०२०-२१ मध्ये कारूसोचे तीन गुणांचे ४०.१ टक्के फटके बास्केटमध्ये गेले. त्याआधीच्या हंगामात ते प्रमाण ३३.३ टक्के होतं. म्हणजे तो वर्षभरात सुधारला का? समजा, त्याची खरी क्षमता ३७ टक्के आहे आणि हंगामात तो असे दीडशे फटके मारतो. मग निव्वळ योगायोगाने येणारं प्रमाणविचलन, म्हणजे सरासरीच्या आजूबाजूचा नेहमीचा चढउतार, जवळपास ४ टक्के-अंकांचं होतं. तोच माणूस, तेच मनगट, तरी एका वर्षी ३३ आणि दुसऱ्या वर्षी ४१ दिसणं अगदी स्वाभाविक आहे. पुढच्या हंगामांतले त्याचे आकडे असे: ३३.३, ३६.४, ४०.८, ३५.३. यात चढता आलेख शोधणं व्यर्थ आहे. करारासाठी बोलणी करताना शेवटच्या चमकदार हंगामाला भुलून पैसे मोजणारा संघ बऱ्याचदा योगायोगाचेच पैसे मोजत असतो.

बचाव मात्र इतका हेलकावत नाही. बचावात पाय कसे हलतात, पास कुठे जाणार हे आधी ओळखता येतं का, आपल्यापेक्षा उंच माणसाला रेटून धरता येतं का, या गोष्टी रोज रात्री त्याच असतात. एनबीए २०१६ पासून चेंडूला नुसता हात लावून पास बिघडवण्याचीही नोंद ठेवते. चेंडू हिसकावणं क्वचित घडतं, पण पास बिघडवणं त्याहून कितीतरी जास्त वेळा. नोंदी जितक्या जास्त, तितका योगायोगाचा वाटा कमी. माझ्या मते कारूसोच्या किमतीचा मोठा भाग इथेच होता, आणि तेव्हा तो अवघ्या २७ वर्षांचा होता. करार भविष्याचा असतो, त्यामुळे वयाला फार महत्त्व आहे.

धोका टळला नाहीच. पहिल्याच हंगामात मनगट मोडलं आणि तो फक्त ४१ सामने खेळला. पण २०२३ मध्ये लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या संघात त्याची निवड झाली आणि २०२४ मध्ये दुसऱ्या संघात. एका उदाहरणावरून पद्धत सिद्ध होत नाही. तशाच आकड्यांवर विसंबून फसलेले करारही असतात आणि त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमा सिटी थंडरनी त्याला बुल्सकडून घेतलं. २०२५ च्या मे महिन्यात बाद फेरीत डेन्व्हरविरुद्धच्या मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्यात सहा फूट पाच इंचांचा हा गडी डेन्व्हरच्या सहा फूट अकरा इंचांच्या निकोला योकिचला अंगाने रेटत उभा होता. थंडरनी तो सामना १२५-९३ असा जिंकला आणि पुढे जूनमध्ये विजेतेपदही. थंडरनी त्याचा करार आधीच, डिसेंबर २०२४ मध्ये, आणखी चार वर्षांनी वाढवला होता, सुमारे ८.१ कोटी डॉलरला. त्या हंगामात त्याची सरासरी होती सामन्यामागे ७.१ गुण.